एकोणिसावं कलम

सोमकुवर सरांच्या शोकसभेत लोक हसले.

पांढुर्ण्याच्या एका सभागृहात टेबलावर सरांचा हार घातलेला फोटो होता, पुढच्या रांगेत त्यांची बायको आणि दोन मुली बसल्या होत्या. माईकवर आलेले एक गृहस्थ म्हणाले, "सरांनी आपल्या भागाचं नाव घराघरांत पोचवलं. कोणता बरं तो डायलॉग?" मग त्यांनी कमरेवर हात ठेवला, गळा बारीक केला आणि म्हणून दाखवला, "मी पाणी भरून राहिली ना, साऽऽहेब!" सगळं सभागृह खदखदून हसलं. मी उठून बाहेर आले. दाराशी चपला शोधत होते तरी आतलं हसू ऐकू येत होतं. माणूस जाऊन बारा दिवस झाले होते. ज्या वाक्यानं त्याची शेवटची दोन वर्षं नासवली, तेच त्याच्या फोटोसमोर गंमत म्हणून म्हटलं जात होतं.

म्हणून हे लिहायला बसले आहे. ते वाक्य कोणाचं आणि कोणत्या प्रसंगाचं, हे एकदा कुठेतरी नीट लिहून ठेवलेलं असावं. राग आहेच. तो लपवायचा माझा विचार नाही.

मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते; इथे घरात मराठी, कचेरीत हिंदी. सर तिथेच इंग्रजी शिकवायचे. दोघंही राहायला पांढुर्ण्याला, त्यामुळे अकरा वर्षं आम्ही एकाच बसनं गेलो-आलो. किडकिडीत, उंच माणूस. शर्टाच्या बाहीचं एक बटण कायम तुटलेलं. संत्र्यांच्या मुलखात जन्मून संत्रं तोंडात न घालणारा हा एकटाच माणूस मी पाहिला. "आंबट खाल्लं की माहं बोलणं गोड होते म्याडम, नुकसान होते," असं त्याचं कारण सांगत. खिशात हिरव्या शाईचं पेन असे. मुलांच्या वह्या त्यांनी कधी लाल शाईनं तपासल्या नाहीत. "लाल पाहून पोट्टं वाचत नाही, नुसतं भेते," म्हणायचे.

माणूस विनोदी होता, पण गोड नव्हता. त्यांच्या विनोदाला एक पथ्य होतं आणि ते मोडणाऱ्यावर ते तुटून पडत. एका मंगळवारी बस जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या भाविकांनी गच्च भरलेली होती. एक म्हातारी दर थांब्याला विचारत होती, "जामसांवली आली का, बाबू?" चौथ्या वेळी कंडक्टर वैतागून म्हणाला, "बोर्ड वाचता येत नाही तं घरी बसा ना, बुढी." दोन-चार जण फिसकन हसले. सर उठले, दांड्याला धरून उभे राहिले आणि कंडक्टरशी इंग्रजीत बोलायला लागले. अगदी शांतपणे, मुद्देसूद, चांगली दोन मिनिटं. कंडक्टर तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

"समजलं?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मंग घरी बसा ना."

तेव्हा मात्र पूर्ण बस हसली. म्हातारीही हसली, तिला काय कळलं देव जाणे. सर हसले नाहीत. ते स्वतःच्या विनोदावर कधीच हसत नसत, चष्मा काढून पुसत बसत.

शाळेतही तेच. आमचा एक चपराशी पायानं अधू होता. अकरावीतला एक पोरगा त्याची चाल हुबेहूब करून दाखवायचा. वर्ग हसत असताना सर आत आले. त्यांनी पोराला पुढे बोलावलं, पाठ थोपटली. "मस्त करतो बे तू. आता प्रिन्सिपल साहेबाची नक्कल कर." पोरगा खाली पाहायला लागला. "करनं! त्यायचीबी चाल आहे, त्यायलेबी पोट आहे. कर." पोरगा रडकुंडीला आला. सर म्हणाले, "कोणाले हासून राहिला ते पाय आधी. जो तुले काही करू शकत नाही, त्यालेच हासतं. याले विनोद नाही म्हणत, याले भित्रेपणा म्हणते."

असा माणूस. त्यानं इंग्रजीत कादंबरी लिहिली, 'द ऑफिसर इज ऑन टूर' नावाची. एक तरुण साहेब लहानशा गावात मोठा अधिकारी होऊन येतो, संत्र्यांसाठी समित्या नेमतो, दौरे काढतो, भाषणं करतो, आणि दोन वर्षांत त्याला गावातलं काही म्हणजे काही दिसत नाही. शेवटच्या पानावर निरोप-समारंभात तो गावाचं नावसुद्धा चुकीचं घेतो. सगळी कादंबरी साहेबाची खिल्ली उडवते. मी एकदा विचारलं, "सर, मराठीत का नाही लिहिलंत?"

"ज्याच्यावर लिहिलं त्याले वाचता आलं पायजे ना," ते म्हणाले. "आपल्याइथं मराठी साहेब वाचत नाही. हिंदीत लिहिलं तं साहेब रागावते. इंग्रजीत लिहिलं तं साहेब म्हणते, वा!"

आणि अगदी तसंच झालं. दिल्लीच्या प्रकाशकानं पुस्तक काढलं, चार ठिकाणी परीक्षणं आली, आणि जो जो साहेब ते वाचे तो तो सरांना बोलावून सांगे, की आमच्या आधीच्यांचं तुम्ही अगदी बरोबर वर्णन केलंत.

पण पुस्तकातली खरी माणसं साहेब नव्हती. ती होती बाबू, ड्रायव्हर, चहावाला आणि पाणी भरणारी बाई. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. इथे सरांची ती रीत येते, जी मी दुसऱ्या कोणत्याही लेखकाची ऐकलेली नाही. सरांचे वडील कोर्टात चपराशी होते. तिथे अडाणी माणसाचा जबाब घेतला की बाबू तो हिंदीत घडाघडा वाचायचा, खाली 'पढकर सुनाया, सही पाया' लिहायचा आणि अंगठा घ्यायचा. ऐकणाऱ्याला त्यातलं अक्षर कळत नसे. सरांचे वडील मध्ये पडत, "बाबूजी, जरा धीरे. बुढा ऐकून राहिला." ते ऐकत मोठा झालेला हा मुलगा. त्यानं कादंबरी लिहिल्यावर ज्याच्यावरून जे पात्र घेतलं त्याच्या घरी जाऊन, त्याचं प्रकरण आपल्या बोलीत करून, हळूहळू वाचून दाखवलं. ऐकणारा "हो, असंच आहे" म्हणाला, की पानाखाली त्याची सही किंवा अंगठा. जो नाही म्हणाला त्याचं प्रकरण कापलं. एका ड्रायव्हरचं असं पूर्ण प्रकरण गेलं, आणि सरांच्या मते ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं होतं. दिल्लीला हस्तलिखित गेलं ते अंगठ्यांसकट.

शेवंताबाई त्यातल्या एक. इथल्याच एका कचेरीत तीस वर्षं त्या पाणी भरत. कचेरीचं नाव मी सांगत नाही. शाळा पाहिलेली नाही, पण कोणती फाइल कोणत्या कपाटात, हे त्यांना विचारूनच बाबू काम करत. खेड्यातून आलेली माणसं कागद त्यांच्याजवळ ठेवून जेवायला जात, कारण शेवंताबाईंजवळचा कागद हरवत नाही. एकदा एका साहेबानं त्यांना एका गरिबाची फाइल कपाटामागे टाकून द्यायला सांगितलं, म्हणजे ती 'सापडत नाही' म्हणता येईल. बाई माठात पाणी ओतत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "मी पाणी भरून राहिली ना, साहेब." आणि ओतत राहिल्या. फाइल टेबलावरच राहिली.

हे ते वाक्य. शोकसभेत हसलेल्या माणसांनो, हे ते वाक्य!

हे प्रकरण सरांनी सौंसरला बाईंच्या ओट्यावर बसून वाचलं तेव्हा मी सोबत होते. बाई पदर तोंडात धरून हसल्या. साहेबाला हसल्या, आणि किती तरी वेळ हसल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "सर, सारं खरं आहे. पण मी त्या दिशी लय भेली होती. माहा हात थरथरे. पाणी खाली सांडलं. तेबी लिहा." सरांनी तिथल्या तिथे हिरव्या शाईत ते वाक्य घातलं, पुन्हा वाचून दाखवलं आणि मग अंगठा घेतला. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "म्याडम, मी दहा वर्षं लिहून राहिलो. एवढं खरं वाक्य मले सुचलं नाही."

मग मुंबईची कंपनी आली. त्यांना कादंबरीवर टीव्हीची मालिका काढायची होती. करार आला, चांगला तेवीस कलमांचा, इंग्रजीत. सर तो घेऊनही बाईंकडे गेले. कायद्यानं गरज नव्हती, पुस्तक सरांचं होतं. पण रीत ती रीत. मीही होते. कलम-कलम त्यांनी वाचून सांगितलं. एकोणिसावं आलं तेव्हा सर जरा अडखळले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "याच्यात असं आहे का, थोडंबहुत बदलतीन ते." पुढचं कलम घेतलं. बाईंनी मान डोलावली. मी तेव्हा कागद पाहिला नाही. पाहायला हवा होता.

चित्रीकरण मोहगावकडे झालं. गावानं हरखून घरं उघडून दिली, बैल दिले, बायकांनी रोजची लुगडी काढून दिली. कंपनीचा माणूस सारखा गोटमारीचं, म्हणजे पांढुर्ण्याच्या पोळ्यानंतरच्या दगडफेकीच्या जत्रेचं, विचारायचा. सर सांगत, पुस्तकात गोटमार नाही. तो म्हणे, "डालेंगे सर, डालेंगे." बाईंची भूमिका करणारी नटी चांगली होती बिचारी. शेवंताबाईंच्या पाया पडली, तीन दिवस त्यांच्या मागे-मागे फिरली, त्यांचं बोलणं मोबाइलमध्ये घेतलं. सरांनी स्वतः तिची बोली घोटून घेतली. 'करून राहिली', 'भरून राहिली' शंभर वेळा म्हणवून घेतलं. कधी नव्हे ते सर स्वतःशी हसताना दिसत. सरांनी पटकथा वाचायला मागितली तेव्हा कंपनीवाले गोपनीय आहे म्हणाले, आणि सरांनी तेही ऐकून घेतलं. दुसऱ्या कोणी ऐकून घेतलं असतं तर सरांनीच त्याची सालटी काढली असती.

मी त्या मालिकेचे तीनच भाग पाहिले. तिसऱ्यानंतर रिमोट आपटला, त्याचं झाकण अजून रबरानं बांधलेलं आहे. साहेब नायक झाला होता. देखणा, हळवा, अडाणी गावाला सुधारायला आलेला. गाव कुठल्याशा हिंदी जिल्ह्यातलं, पण बोलायला आमची बोली फक्त एका पात्राला ठेवली होती, पाणीवालीला. बाकी सगळे हिंदी बोलतात आणि ही एकटी 'भरून राहिली' म्हणते, म्हणून हसायचं. ती साहेबाच्या डब्यातली उरलेली भाजी चोरून खाते. फाइल दडवते तीच, वीस-पन्नास रुपये घेऊन. साहेब तिला पकडतो, तर ती कंबर मुरडून म्हणते, "मी पाणी भरून राहिली ना, साऽऽहेब!" आणि घाबरून तिचा हात थरथरतो, पाणी साहेबाच्या पॅंटवर सांडतं, मागून ढोलकी वाजते. तो थरथरणारा हात बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगून पुस्तकात घालायला लावला होता. ज्यांनी ती ढोलकी वाजवली त्यांना मी कधीही माफ करणार नाही.

मालिका धो-धो चालली. वाक्य मोबाइलच्या घंटीत गेलं, लग्नाच्या डीजेवर गेलं. आणि आमचे लोक! मुंबईच्या लोकांना नावं ठेवून काय करायचं? ज्यांचे कागद बाईंनी सांभाळले, तेच सौंसरच्या स्टँडवर त्यांना पाहून कंबर मुरडायला लागले. बाहेरगावची माणसं कचेरीत येऊन मोबाइल धरत, "एक बार बोल दो ना, मौसी." एका म्हाताऱ्यानं कागद ठेवायला दिला आणि सोबत पन्नासची नोट पुढे केली. त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं की तसंच करायचं असतं. बाईंनी नोट परत केली आणि कागदही परत केला. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर गेल्या नाहीत.

सरांनी कंपनीला चार पत्रं लिहिली. सहा महिन्यांनी एक खोकं आलं. आत आभाराचं कार्ड, एक कप आणि एक बनियन. दोन्हीवर ते वाक्य छापलेलं. खोकं घेऊन सर बसमध्ये बसले होते, मांडीवर धरून. "म्याडम," ते म्हणाले, "मी आजवर लय लोकायची मस्करी केली. पण असं मले नसतं जमलं."

मग जिल्हा झालेल्या पांढुर्ण्यानं त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मोठमोठे पाहुणे. सर नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते गेले. माईकपाशी उभे राहून म्हणाले, "त्या करारात एकोणिसावं कलम होतं. कंपनी कोणत्याबी पात्राचं काहीबी करू शकते, असं त्याच्यात लिहिलं होतं. मले इंग्रजी येते. मी ते वाचलं, मले समजलं, आणि मी शेवंताबाईले खोटं सांगतलं. चोरी पाणी भरणाऱ्या बाईनं नाही केली, मी केली."

लोक हसले. टाळ्या वाजवून हसले! विनोदी लेखक बोलतोय, म्हणजे विनोदच असणार. पाहुणे पोट धरून म्हणाले, "वा सर, क्या बात है!" सरांनी माईकवर हात ठेवून थोडा वेळ वाट पाहिली. मग शाल खुर्चीवर ठेवली आणि मागच्या दारानं निघून आले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही बाईंच्या ओट्यावर गेलो. सरांनी करार काढला आणि एकोणिसावं कलम आधी इंग्रजीत, मग शब्द-शब्द फोडून सांगितलं. "कंपनीले वाटन तं या माणसाले चांगला दाखवतीन, वाटन तं चोर दाखवतीन, वाटन तं जोकर. कोणाले विचारायची गरज नाही. असं लिहिलं आहे, बाई."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग तवा कावून नाही सांगतलं?"

"तुमी नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं."

"मले ते टीव्हीवर पाहाचं होतं," सर म्हणाले. "माहं पुस्तक. मले लय पाहाचं होतं." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. साठीचा माणूस, पण वर्गात उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच.

बाई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "यायचं असन तं येत जा, सर. पण आता मले हासवू नका."

सर जात राहिले. रिटायर झाल्यावरही पांढुर्ण्याहून बस धरून दर रविवारी यायचे, ओट्याच्या कडेला बसायचे. एक अक्षर लिहिलं नाही त्यांनी नंतर. नागपूरच्या एकानं दुसऱ्या कादंबरीचं विचारलं तर म्हणाले, "वाचून दाखवाले माणूस राहिला नाही." दोघं काय बोलत मला माहीत नाही, बहुतेक काहीच नसावेत. बाईंची नात म्हणाली, आजी त्यांना चहा देते आणि आपलं काम करत बसते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. शाळेच्या एका कार्यक्रमासाठी रविवारी सौंसरला गेले होते, सहज त्या गल्लीनं वळले. सर भिंतीला टेकून बसलेले, खूप वाळलेले. पलीकडे बाई सुपात तूर पाखडत होत्या. मी ओट्याला पाय लावला तेवढ्यात एक मोटरसायकल गेली. मागे बसलेला ओरडला, "पाणी भरून राहिली ना, साऽऽहेब!" आणि दोघं दात काढत पुढे निघून गेले.

सर ताडकन उठले. पायात चप्पल सापडत नव्हती, तसेच अनवाणी रस्त्यावर उतरायला निघाले. बाईंनी सूप खाली ठेवलं नाही.

"बसा, सर," त्या म्हणाल्या. "तुमाले नाही म्हणून राहिले ते. मले म्हणून राहिले."